किल्ली पुसू नका, आधी कुलूप बदला: क्लाउडवर नव्याने काम करणाऱ्यांसाठी सिक्रेट सांभाळण्याची पायरीवार ओळख

नोकरीला लागून मला तिसराच महिना होता. एक छोटी स्क्रिप्ट काही केल्या चालेना, म्हणून क्लाउडची ॲक्सेस की (म्हणजे प्रोग्रॅमला क्लाउडमध्ये शिरायला लागणारी किल्ली) मी थेट फाईलमध्ये लिहिली. स्क्रिप्ट चालली. त्याच आनंदात कमिट केलं (गिट या कोडचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात बदलाची नोंद केली) आणि पुशही केलं (ती नोंद ऑनलाइन प्रतीवर चढवली). रेपो, म्हणजे कोड आणि त्याचा सगळा इतिहास ठेवलेली जागा, पब्लिक होता. दहा मिनिटांनी चूक लक्षात आली तेव्हा ती ओळ काढली, 'किरकोळ दुरुस्ती' असा संदेश लिहून पुन्हा पुश केलं आणि हुश्श केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर आम्ही कधीही न वापरलेल्या रीजनमध्ये (क्लाउडच्या दुसऱ्या भौगोलिक केंद्रात) मोठमोठी मशीनं चालू होती. कुणीतरी आमच्या खर्चाने क्रिप्टो मायनिंग मांडलं होतं.

ओळ मी काढली होती हे खरं, पण आधीचं कमिट जागेवरच होतं आणि त्यात किल्ली जशीच्या तशी होती. पब्लिक रेपोंवर नजर ठेवून किल्ल्या वेचणारे बॉट रात्रंदिवस चालू असतात. त्यांना दहा मिनिटं म्हणजे भरपूर वेळ झाला. नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०१९ मध्ये गिटहब (असे रेपो ठेवायची साइट) तपासलं तेव्हा एक लाखाहून जास्त रेपोंमध्ये अशी सिक्रेट (किल्ल्या, पासवर्ड वगैरे) सापडली, आणि रोज हजारो नवी भर पडताना दिसली. म्हणजे हा वेंधळेपणा फक्त माझा नव्हता, एवढंच काय ते समाधान.

तेव्हा मला दोन गोष्टी कुणीतरी सांगायला हव्या होत्या. उघडी पडलेली किल्ली पुसून भागत नाही, ती निकामी करावी लागते. आणि किल्ल्या लपवण्यात जेवढी मेहनत घालतो, त्यातली निम्मी किल्ल्यांची संख्या आणि आयुष्य कमी करण्यात घातली तर लपवायला फारसं काही उरतच नाही. खालच्या सगळ्या पायऱ्या यातूनच आल्या आहेत.

(ऑफिसात आपण 'की' म्हणतो. पण 'की लीक झाली की' असं वाक्य लिहिल्यावर वाचणाऱ्याचा गोंधळ होतो, म्हणून शक्य तिथे मी किल्लीच म्हणणार आहे.)

पायरी १: सिक्रेट कशाला म्हणायचं ते ओळखा

पासवर्ड हे सिक्रेट आहे हे सगळ्यांना कळतं. फसगत होते ती बाकीच्या गोष्टींत. डेटाबेसची कनेक्शन स्ट्रिंग घ्या. दिसायला साधा पत्ता, पण त्याच्या पोटात वापरकर्त्याच्या नावाशेजारी पासवर्ड बसलेला असतो. वेबहुक (एका सेवेने दुसरीला आपोआप पाठवलेला निरोप) खरा आहे हे तपासायचं सायनिंग सिक्रेट, जेडब्ल्यूटी (लॉगिनचा डिजिटल पास) सही करायची किल्ली, टीएलएस (वेबसाइटची सुरक्षित जोडणी) आणि एसएसएचच्या (दूरच्या सर्व्हरवर लॉगिन) प्रायव्हेट की, ओऑथचं (एका सेवेच्या खात्याने दुसरीकडे शिरायच्या पद्धतीचं) क्लायंट सिक्रेट, लॉगिन झाल्यावर ब्राउझरला मिळालेली सेशन कुकी ही सगळी सिक्रेटच. चॅटच्या चॅनेलमध्ये मेसेज टाकणारी वेबहुकची लिंकसुद्धा याच यादीत येते, कारण ती ज्याच्या हाती पडेल तो तुमच्या नावाने बोलू शकतो. टेराफॉर्म (क्लाउडवरची यंत्रणा कोड लिहून उभारायचं साधन) वापरत असाल तर त्याची स्टेट फाईल, म्हणजे काय काय उभारलं त्याची नोंद, उघडून पाहा. तयार केलेल्या डेटाबेसचा पासवर्ड तिथे साध्या अक्षरांत सापडण्याची दाट शक्यता आहे.

उलट पब्लिक की, रीजनचं नाव, ओऑथचा क्लायंट आयडी ही सिक्रेट नव्हेत. यांनाही तिजोरीत कोंबत बसलात तर काही महिन्यांनी टीममधल्या कुणालाच कळत नाही की खरं जपायचं काय आहे.

ॲमेझॉनच्या क्लाउडच्या (एडब्ल्यूएसच्या) ॲक्सेस की जोडीने येतात. आयडी २० अक्षरांचा असतो, सिक्रेट ४० अक्षरांचं. आयडीच्या सुरुवातीला 'एकेआयए' ही चार इंग्रजी अक्षरं असली तर किल्ली कायमस्वरूपी आहे, आणि 'एएसआयए' असली तर तात्पुरती. ही खूण डोळ्यात बसवून घ्या. कोड तपासताना ती लगेच नजरेत भरते.

पायरी २: यादी करा

कंटाळवाणं काम आहे, पण ते टाळून पुढे जाऊ नका. एक साधा तक्ता करा. कोणती किल्ली, तिने काय उघडतं, कोण वापरतं, सध्या कुठे ठेवली आहे, बदलायची तर कशी आणि ते करणारा माणूस कोण, एवढे रकाने पुरेत. तक्त्यात किल्लीचं नाव लिहायचं, किल्ली नाही. हे सांगायची गरज पडू नये, पण असे तक्ते मी पाहिले आहेत ज्यांत शेवटचा रकाना 'व्हॅल्यू' असा होता आणि तो इमानेइतबारे भरलेला होता.

'कोण वापरतं' हा रकाना भरताना सगळ्यात जास्त वेळ जातो. एकच किल्ली वेबसाइटही वापरते, रात्रीचा रिपोर्टही वापरतो, आणि सोडून गेलेल्या कुणाच्या तरी लॅपटॉपवरही असते. अशी सामायिक किल्ली दिसली की तिच्यापुढे खूण करा. प्रत्येक वापरणाऱ्याला वेगळी किल्ली हवी, नाहीतर एक बदलायची म्हटली की पाच ठिकाणी पळापळ होते.

पायरी ३: कोडमधून बाहेर काढा

सिक्रेट कोडमध्ये नको, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (प्रोग्रॅमला बाहेरून दिलेल्या सेटिंगमध्ये) असावं, हा सल्ला तुम्ही ऐकला असेल. 'ट्वेल्व्ह-फॅक्टर ॲप' या नावाने प्रसिद्ध असलेल्या तत्त्वांमध्ये त्यासाठी एक छान कसोटी आहे: तुमचा सगळा कोड या क्षणी जगासमोर खुला केला तर एखादी किल्ली उघडी पडेल का? उत्तर 'हो' असेल तर काम बाकी आहे.

स्वतःच्या मशीनवर काम करताना डॉट एन्व्ह फाईल (ही व्हेरिएबल लिहायची फाईल) ठेवा. पण क्रम महत्त्वाचा. आधी गिटइग्नोरमध्ये (गिटने दुर्लक्ष करायच्या फाईलींच्या यादीत) तिचं नाव घाला, मग ती फाईल तयार करा. एकदा कमिट झालेली फाईल नंतर गिटइग्नोरमध्ये घातल्याने काहीच होत नाही, गिट तिच्यावर लक्ष ठेवतच राहतं. तसं झालंच असेल तर 'गिट आरएम' हा आदेश 'कॅश्ड' पर्यायासह चालवून ती गिटच्या नजरेआड करा. जुन्या कमिटमध्ये ती तरीही राहते, त्यामुळे त्यातल्या सगळ्या किल्ल्या बदला. सोबत डॉट एन्व्ह डॉट एक्झाम्पल अशी दुसरी फाईल बिनधास्त कमिट करा. तिच्यात फक्त नावं, किमती (व्हॅल्यू) रिकाम्या. नव्या माणसाला काय काय लागतं ते तिच्यावरून कळतं.

कोडमध्ये 'व्हेरिएबल नसेल तर हा डीफॉल्ट पासवर्ड वापर' अशी ओळ लिहू नका. व्हेरिएबल नसेल तर प्रोग्रॅम सुरूच होऊ नये आणि कोणतं नाव सापडलं नाही ते त्याने स्पष्ट सांगावं. डीफॉल्ट पासवर्ड हटकून प्रॉडक्शनपर्यंत (खऱ्या ग्राहकांच्या यंत्रणेपर्यंत) पोचतो.

नवखे लोक इथे दोन ठिकाणी हमखास अडकतात.

पहिलं ठिकाण फ्रंटएंड, म्हणजे ॲपचा ब्राउझरमध्ये चालणारा भाग. व्हीट, नेक्स्ट किंवा जुन्या क्रिएट रिॲक्ट ॲप या फ्रंटएंड बनवायच्या साधनांमध्ये ठरावीक उपसर्ग लावलेली व्हेरिएबल बिल्ड होताना (कोडपासून चालवायच्या फाईली तयार होताना) थेट जावास्क्रिप्टमध्ये उतरतात. नेक्स्टमध्ये तर त्या उपसर्गाचं नावच 'नेक्स्ट पब्लिक' आहे, आणखी काय सांगायचं! डॉट एन्व्ह फाईलमध्ये ठेवली म्हणून किल्ली लपली असं वाटतं, आणि प्रत्यक्षात ती प्रत्येक भेट देणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये जाऊन बसलेली असते. ब्राउझरमध्ये पोचलेलं काहीही सिक्रेट नसतं. नकाशासारख्या सेवांच्या किल्ल्या ब्राउझरमध्ये ठेवाव्याच लागतात. तिथे किल्ली लपवायच्या नादी लागू नका, ती फक्त तुमच्याच डोमेनवरून चालेल असं बंधन घाला. पैशांच्या व्यवहाराची किंवा एआय मॉडेलची किल्ली मात्र तुमच्या सर्व्हरवरच राहिली पाहिजे. ब्राउझरने सर्व्हरला विचारावं, सर्व्हरने पुढे.

दुसरं ठिकाण डॉकर, म्हणजे ॲप त्याला लागणाऱ्या सगळ्यासह 'इमेज' नावाच्या गठ्ठ्यात बांधायचं साधन. इमेज थरांनी बनते. एका थरात सिक्रेट कॉपी केलं आणि पुढच्या थरात डिलीट केलं, तरी खालचा थर तसाच राहतो आणि इमेज ज्याच्याकडे आहे तो तो थर उघडून पाहू शकतो. बिल्ड आर्ग्युमेंटमधून दिलेली किंमत तर 'डॉकर हिस्टरी' या आदेशाने समोर येऊ शकते. बिल्डच्या वेळी खरंच किल्ली लागत असेल, म्हणजे खासगी पॅकेज उतरवायला वगैरे, तर बिल्डकिटची (डॉकरच्या बिल्ड यंत्रणेची) सिक्रेट माउंटची सोय वापरा. त्यात किल्ली त्या एका पायरीपुरती दिसते, थरात उतरत नाही. शिवाय डॉकरइग्नोर फाईलमध्ये डॉट एन्व्ह आणि डॉट गिट ही दोन्ही नावं हवीतच, नाहीतर 'सगळं कॉपी कर' या एका ओळीने अख्खा इतिहास इमेजमध्ये जातो.

एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणजे मुक्काम नव्हे, एवढंही लक्षात ठेवा. ती चाइल्ड प्रोसेसकडे आपोआप जातात, प्रोग्रॅम कोसळला की काही साधनं ती एरर रिपोर्टमध्ये टाकतात, आणि अडचण शोधताना कुणीतरी सगळी व्हेरिएबल छापून पाहतंच. सुरुवातीला ठीक आहे, पण पाचव्या पायरीपर्यंत नक्की या.

पायरी ४: दारावर पहारा बसवा

माणूस चुकणारच. त्यामुळे किल्ली असलेलं कमिट होऊच नये अशी सोय करा. गिटलीक्स हे मोफत साधन प्री-कमिट हुक म्हणून लावलं तर कमिट करतानाच ते बदल तपासतं आणि संशयास्पद काही दिसलं तर अडवतं. गिटहब, स्ट्राइप यांच्या टोकनना ठरावीक उपसर्ग असतात, त्यामुळे ती पटकन ओळखता येतात. तुमची स्वतःची सेवा टोकन देत असेल तर तुम्हीही उपसर्ग ठेवा, खूप उपयोग होतो.

प्री-कमिट हुक एका पर्यायाने टाळता येतो, आणि घाईत असलेला माणूस तो टाळतोच. म्हणून तीच तपासणी पाइपलाइनमध्येही (पुश झालेला कोड आपोआप तपासणाऱ्या आणि बिल्ड करणाऱ्या यंत्रणेतही) ठेवा. गिटहबवर पुश प्रोटेक्शन आहे; २०२४ पासून ते पब्लिक रेपोंसाठी आपोआप चालू असतं. ओळखीचं सिक्रेट सापडलं तर ते पुशच स्वीकारत नाही.

जुना रेपो हाती आला असेल तर एकदा ट्रफलहॉग किंवा गिटलीक्स पूर्ण इतिहासावर चालवा. पहिल्यांदा आकडा पाहून घाबरायला होईल. बरेचसे निकाल टेस्टमधल्या खोट्या किमतींचे निघतात. त्या एकेक करून वगळा. कंटाळून अख्खं टेस्ट फोल्डर वगळलंत, तर पुढची खरी किल्ली नेमकी तिथेच येऊन पडेल.

खासगी रेपो आहे, मग कशाला एवढं? असं वाटत असेल तर उबरचं उदाहरण पाहा. २०१६ मध्ये हल्लेखोर उबरच्या इंजिनिअरांच्या खासगी गिटहब रेपोत शिरले, तिथे त्यांना ॲमेझॉनच्या किल्ल्या मिळाल्या, आणि त्यांच्या जोरावर ५ कोटी ७० लाख प्रवासी आणि चालकांची माहिती त्यांच्या हाती लागली. रेपो खासगी असणं म्हणजे एकच कुलूप. ते उघडलं की आतलं सगळं उघडं.

पायरी ५: एकच तिजोरी ठरवा

आता किल्ल्यांना कायमचं घर द्या. ॲमेझॉनवर सिक्रेट्स मॅनेजर किंवा पॅरामीटर स्टोअर, गूगल क्लाउडवर सिक्रेट मॅनेजर, अझूरवर की व्हॉल्ट. अनेक क्लाउडवर पसरलेल्या टीम हॅशिकॉर्प व्हॉल्ट चालवतात, पण ते स्वतः चालवणं म्हणजे आणखी एक सर्व्हर, त्याचे बॅकअप, त्याचे अपडेट. दोन-चार जणांच्या टीमने त्या वाटेला जाऊ नये असं माझं मत आहे. ज्या क्लाउडवर आहात तिथलीच तिजोरी वापरा.

तिजोरीत ठेवल्याने किल्ली एन्क्रिप्ट होते, हा फायदा सगळे सांगतात. माझ्या मते मोठा फायदा वेगळा आहे: कोणती किल्ली कुणी कधी उचलली याची नोंद राहते, आणि किल्ली बदलली तर ती एकाच जागी बदलावी लागते. कॉन्फिगमध्ये फक्त तिचं नाव असतं. ॲप सुरू होताना त्या नावाने किल्ली मागतं आणि मेमरीत ठेवतं. प्रत्येक रिक्वेस्टला तिजोरीत जाऊ नका, वेगही मंदावतो आणि बिलही वाढतं. पण एकदा घेतलेली किल्ली आयुष्यभर धरूनही ठेवू नका, थोड्या थोड्या वेळाने पुन्हा वाचा, नाहीतर किल्ली बदलल्यावर ॲप रीस्टार्ट करत बसावं लागतं.

परवानग्या देताना हात आखडता ठेवा. पेमेंटच्या सर्व्हिसला पेमेंटचीच सिक्रेट दिसावीत. पॉलिसीत (परवानग्यांच्या नियमांत) 'सगळी सिक्रेट' असा अर्थ असलेलं तारांकित चिन्ह दिसलं की थांबा आणि नावं लिहा. डेव्हलपमेंट आणि प्रॉडक्शन यांची सिक्रेट वेगळी तर असावीतच, जमलं तर क्लाउडची खातीच वेगळी ठेवा. तसं केलंत तर एखाद्याने चुकून टेस्टच्या जागी खऱ्या डेटाबेसचं नाव लिहिलं तरी दार उघडत नाही.

कुबेरनेटिस ही अनेक मशीनवर ॲप चालवायची यंत्रणा वापरणाऱ्यांसाठी एक वेगळा इशारा. तिथल्या 'सिक्रेट' या नावावर जाऊ नका. त्यातली किंमत बेस६४ मध्ये (माहिती साध्या अक्षरांत लिहायच्या एका पद्धतीत) असते आणि बेस६४ म्हणजे एन्क्रिप्शन नव्हे, एका आदेशात ते उलगडतं. वेगळी सेटिंग केली नाही तर ती ईटीसीडी या कुबेरनेटिसच्या डेटाबेसमध्येही एन्क्रिप्ट न होताच साठते. म्हणून ईटीसीडीचं एन्क्रिप्शन चालू करा किंवा बाहेरच्या तिजोरीतून सिक्रेट ओढून आणणारं ऑपरेटर लावा. सिक्रेट असलेली यामल कॉन्फिग फाईल गिटमध्ये ठेवायचीच असेल तर सॉप्ससारख्या साधनाने ती आधी एन्क्रिप्ट करा.

आणि माणसांची गुपितं? कुठल्या तरी सेवेचा सामायिक पासवर्ड चॅटवर पाठवला, स्क्रीन शेअर करताना डॉट एन्व्ह फाईल उघडी राहिली, एरर विचारताना अख्खी कॉन्फिग एआय चॅटमध्ये पेस्ट केली, असं रोज कुठे ना कुठे घडतं. टीमसाठी पासवर्ड मॅनेजर घ्या आणि देवाणघेवाण तिथूनच करा.

पायरी ६: किल्लीच नको अशी सोय करा

तिजोरी झाली. पण तिजोरी उघडायची किल्ली कुठे ठेवायची? ती डॉट एन्व्हमध्ये ठेवली तर आपण फिरून तिथेच आलो. नवखे लोक इथे गोंधळतात, आणि गंमत अशी की याचं उत्तर या अख्ख्या लेखात सगळ्यात सोपं आहे: मशीनला किल्ली देऊ नका, ओळख द्या.

तुमचा कोड ॲमेझॉनच्या सर्व्हरवर किंवा लॅम्डावर (सर्व्हर न सांभाळता कोड चालवायच्या सेवेवर) चालत असेल तर त्याला रोल (ठरावीक परवानग्या असलेली ओळख) जोडा. अझूरवर मॅनेज्ड आयडेंटिटी, गूगलवर सर्व्हिस अकाउंट जोडा, मात्र त्याची जेसन किल्ली डाउनलोड करू नका. 'हे मशीन माझं आहे' हे क्लाउडला आधीच माहीत असतं, त्यामुळे ते स्वतःच तात्पुरती क्रेडेन्शियल (ओळखपत्रं) देतं आणि मुदत संपायच्या आत नवी देतं. तुमच्या कोडमध्ये आणि कॉन्फिगमध्ये काहीच लिहावं लागत नाही. लीक व्हायला काही उरतच नाही.

क्लाउडच्या बाहेर चालणारी पाइपलाइन, उदाहरणार्थ गिटहब ॲक्शन्स, हिच्यासाठी पूर्वी कायमची ॲक्सेस की रेपोच्या सेटिंगमध्ये ठेवत. आता ओआयडीसी ही ओळख पटवायची पद्धत आहे. कामाची रीत अशी: जॉब सुरू झाला की गिटहब त्याला सही केलेलं टोकन देतं, ज्यात हा जॉब कुठल्या रेपोच्या कुठल्या ब्रँचवरून चालला आहे ते लिहिलेलं असतं. जॉब ते टोकन क्लाउडला दाखवतो. क्लाउड सही गिटहबच्या पब्लिक कीने तपासतं, तुम्ही घातलेल्या अटी पाहतं, आणि पटलं तर तात्पुरती क्रेडेन्शियल देतं. ॲमेझॉनवर ती साधारणपणे एका तासात आपोआप बाद होतात.

इथे अटींमध्येच घोळ होतो. टोकनमधला 'सब' हा भाग तपासायची अट घालताना रेपो आणि ब्रँच दोन्ही लिहा. ढिली अट ठेवली आणि रेपोचं नावच तपासलं नाही, तर दुसऱ्या कुणाच्या रेपोतला जॉबही तुमचा रोल घेऊ शकतो. मी ओआयडीसी लावून झाल्यावर मुद्दाम एका वेगळ्या रेपोतून तोच रोल मागून पाहते. नकार आला तरच काम झालं असं समजते.

तात्पुरती क्रेडेन्शियलही चोरता येतात, हे २०१९ मध्ये कॅपिटल वन या अमेरिकी बँकेच्या प्रकरणात दिसलं. सर्व्हरला फसवून त्याच्याकरवी मेटाडेटा सेवेला (सर्व्हरला त्याची क्रेडेन्शियल पुरवणाऱ्या आतल्या सेवेला) विनंती करवली गेली, रोलची क्रेडेन्शियल मिळाली, आणि अमेरिकेतल्या सुमारे १० कोटी तर कॅनडातल्या सुमारे ६० लाख लोकांची माहिती बाहेर गेली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये ॲमेझॉनने मेटाडेटा सेवेची दुसरी आवृत्ती आणली, जिच्यात आधी एक सेशन टोकन मागावं लागतं. तुमच्या सर्व्हरवर ही दुसरी आवृत्ती सक्तीची करा. एका सेटिंगचं काम आहे.

माणसांनीही कायमच्या किल्ल्या बाळगू नयेत. सिंगल साइन-ऑनने (एकाच खात्याने सगळीकडे) लॉगिन करा, सोबत दुसरा फॅक्टर ठेवा. आणि मुख्य खात्याच्या, म्हणजे रूट वापरकर्त्याच्या नावाने ॲक्सेस की असेल तर ती आजच काढून टाका.

पायरी ७: पाइपलाइनवर संशय ठेवा

बिल्ड करणाऱ्या पाइपलाइनकडे सगळ्या किल्ल्या असतात आणि तिच्यात बाहेरच्यांचा कोडही चालतो. कुंपणच शेत खातं म्हणतात ते इथे अक्षरशः घडलं आहे. २०२१ मध्ये टेस्टचं कव्हरेज मोजणाऱ्या कोडकव्हची अपलोडर स्क्रिप्ट कुणीतरी बदलली, आणि ती वापरणाऱ्यांच्या पाइपलाइनमधली एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल दोन महिने बाहेर जात राहिली. मार्च २०२५ मध्ये 'टीजे-ॲक्शन्स' यांचं, बदललेल्या फाईल शोधणारं लोकप्रिय ॲक्शन (गिटहब ॲक्शन्समध्ये जोडायचा तयार तुकडा) असंच बाधित झालं. हल्लेखोराने जुने व्हर्जन टॅगच आपल्या कमिटकडे वळवले, आणि पाइपलाइनमधली सिक्रेट बेस६४ करून लॉगमध्ये छापली गेली. ज्यांचे लॉग पब्लिक होते त्यांची सिक्रेट जगासमोर आली.

म्हणून बाहेरचं ॲक्शन वापरताना व्हर्जनच्या टॅगऐवजी पूर्ण कमिट हॅश (त्या कमिटची न बदलणारी ओळखखूण) लिहा. टॅग हलवता येतो, हॅश हलत नाही. लॉगमध्ये सिक्रेटच्या जागी तारे दिसतात त्यावरही फार विसंबू नका. ही झाकपाक मूळ अक्षरं जशीच्या तशी दिसली तरच होते, बेस६४ केल्यावर ती ओळखत नाही. आणि फोर्कवरून (दुसऱ्या कुणी केलेल्या रेपोच्या प्रतीवरून) आलेल्या पुल रिक्वेस्टला, म्हणजे 'माझे बदल घ्या' या विनंतीला, सिक्रेट मिळणार नाहीत याची खात्री करा.

पायरी ८: किल्ली बदलायचा सराव करा

ॲमेझॉन एका वापरकर्त्याला एका वेळी दोन ॲक्सेस की ठेवू देतं. ती सोय किल्ली बदलण्यासाठीच आहे. नवी तयार करा, ती तिजोरीत घाला, ॲप तिच्यावर येऊ द्या. मग जुनीची 'शेवटचा वापर' ही नोंद पाहा. कुणी वापरत नसेल तर ती आधी नुसती निष्क्रिय करा, डिलीट नको. काही दिवस थांबा. कुठे काही मोडलं नाही तर डिलीट. डेटाबेससाठी हाच खेळ दोन वापरकर्ते ठेवून करता येतो: एक चालू असताना दुसऱ्याचा पासवर्ड बदलायचा.

किती दिवसांनी बदलावं यावर लोक तावातावाने भांडतात. मला आकड्यात फार रस नाही. दिवसाढवळ्या, कुणाला न घाबरता, अर्ध्या तासात बदलता येते का, हे महत्त्वाचं. कारण लीक झाल्यावर पहिल्यांदा प्रयोग करायची वेळ आली तर हात थरथरतात.

पायरी ९: लीक झालंच तर

क्रम पाठ करून ठेवा, कारण त्या वेळी डोकं चालत नाही.

सगळ्यात आधी किल्ली निकामी करा. रेपो खासगी करणं, कमिट पुसणं, हे सगळं नंतर. दुसऱ्या क्षणी टीमला सांगा. एकट्याने गुपचूप निस्तरायचा मोह होतो, मलाही झाला होता, आणि त्यातच रात्र गेली. तुम्ही टीमचे प्रमुख असाल तर सांगणाऱ्यावर ओरडू नका; पुढच्या वेळी कुणी सांगणार नाही.

ॲमेझॉनला गिटहबवर एखादी किल्ली सापडली तर ते स्वतःहून तिच्यावर काही बंधनं घालतं, पण किल्ली पूर्ण बंद होत नाही. ती तुम्हीच बंद करायची. आणखी एक खाच आहे: त्या किल्लीवरून आधीच काढलेली तात्पुरती क्रेडेन्शियल किल्ली बंद केल्यावरही मुदत संपेपर्यंत चालू राहू शकतात. म्हणून त्या वापरकर्त्याला सगळं नाकारणारी पॉलिसीही लावा.

मग क्लाउडट्रेलमध्ये (ॲमेझॉनच्या क्लाउडवरच्या घडामोडींच्या नोंदवहीत) पाहा, त्या किल्लीने काय काय केलं. मागच्या ९० दिवसांच्या मॅनेजमेंट घटना तिथे मुळातच असतात. एस३ या फाईल साठवायच्या सेवेतल्या कुठल्या फाईल वाचल्या गेल्या याची नोंद मात्र आधीपासून वेगळी चालू केली असेल तरच मिळते, म्हणून ती संवेदनशील बकेटवर (एस३ मधल्या कप्प्यांवर) आजच चालू करा. शोधताना सगळी रीजन पाहा. नवे वापरकर्ते, नव्या ॲक्सेस की, अनोळखी लॅम्डा, बदललेले रोल. आत शिरलेला माणूस परतीची वाट करून ठेवतो.

इतिहास साफ करणं सगळ्यात शेवटी. गिट फिल्टर-रेपोने कमिटमधून फाईल काढता येते, पण फोर्क आणि लोकांनी आधीच केलेले क्लोन तुमच्या हातात नाहीत. टोयोटाच्या टी-कनेक्ट या गाड्या इंटरनेटला जोडणाऱ्या सेवेची ॲक्सेस की डिसेंबर २०१७ ते सप्टेंबर २०२२ अशी जवळपास पाच वर्षं गिटहबवर पब्लिक होती आणि २,९६,०१९ ग्राहकांचे ईमेल पत्ते त्यामुळे धोक्यात आले. एवढ्या काळात ती कुणी कुणी पाहिली, हे इतिहास पुसून कसं कळणार?

माझ्या त्या पहिल्या किल्लीचं असं झालं: सकाळी नऊला ती बंद केली, मशीनं थांबवली, संध्याकाळपर्यंत सगळं शांत. रात्री दोन वाजता बॅकअपचा जॉब पडला. तोही तीच किल्ली वापरत होता, आणि हे कुणालाच माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी आम्ही पायरी २ मधला तक्ता करायला घेतला. त्याची पहिली ओळ तो बॅकअप जॉब आहे.